रूथची मेंटर झाले त्याची गोष्ट

माझ्या फजितीचं काय सांगायचं! चहा घेताय ना, घ्या. तेवढ्यात सांगून टाकते, कारण आमचे हे घरी असले की हा किस्सा मला नीट सांगता येत नाही.

आमच्या मुलुंडच्या चर्चमध्ये एक चांगलं काम चालतं. ज्या मुलांचे आईवडील वेगळे झालेत, त्यांना मंडळीतलं एकेक मोठं माणूस जोडून देतात. मेंटर म्हणायचं. आठवड्यातून एकदा भेटायचं, गप्पा मारायच्या, सोबत प्रार्थना करायची. माझ्या वाट्याला आली रूथ. अकरावीतली. वडील भाईंदरला वेगळे राहायला गेलेले, आई दिवसभर नोकरीत आणि पोरगी तोंड शिवून बसलेली.

पास्टरांच्या मिसेस, लीलाताई, हे सगळं बघतात. त्यांनी मला बजावलं होतं, "सुनंदा, उपदेश करायचा नाही हं. आपल्या घरातलं दुखणं सांगायचं, मग मूल मोकळं होतं."

आता मला सांगा, दुखणं आणायचं कुठून? आमचे प्रभाकर म्हणजे गरीब गाय. ऑफिस, पेपर, बातम्या, संपलं. कधी आवाज म्हणून चढवला नाही.

रूथ दर शनिवारी यायची, सोफ्याच्या टोकावर बसायची आणि मोबाइल बघायची. कॉलेज कसंय? "ठीक." आई कशी आहे? "ठीक." डोसा खाणार? "नको." शेवटी माझा धीर सुटला. मोठा सुस्कारा टाकून म्हटलं, "आमच्याकडेही सगळं गोड नाहीये गं. अंकल माझ्याशी फारसे बोलतच नाहीत."

मोबाइल खाली आला!

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"जेवायला एकत्र बसता?"

"ते आधी जेवतात. मी सीरियल संपल्यावर."

"आणि झोपतात कुठे?"

"हॉलमध्ये." मी घोरते, हे कशाला सांगू त्या पोरीला?

रूथ एकदम गंभीर झाली. "आंटी, आमच्याकडे पण असंच सुरू झालं होतं. आधी हॉल. मग भाईंदर."

आणि मग बोलायला लागली हो ती! बाबा बॅग भरत होते तेव्हा ती आत गणितं सोडवत बसली होती, बाहेर आलीच नाही, ते अजून टोचतं म्हणाली. तिला रडू आलं, मलाही आलं. जाताना माझा हात धरून तिनेच प्रार्थना केली. माझ्यासाठी! मी डोळे मिटून मनात म्हणतेय, झकास सुनंदा, जमलं तुला.

रविवारी उपासनेत पास्टर म्हणाले, "आपल्या मंडळीतल्या एका भगिनीचा संसार मोडायला आलाय. नाव घेत नाही. सगळे मिळून प्रार्थना करू." मी इतक्या कळवळ्याने आमेन म्हटलं की पुढच्या बाकावरच्यांनी वळून पाहिलं. बाहेर आल्याआल्या लीलाताईंना गाठलं. "कोण हो ती बिचारी? नवरा पितो का?"

लीलाताईंनी नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला. "धीर धर," म्हणाल्या. मी म्हटलं, ह्या मला का धीर देताहेत?

संध्याकाळी बेल वाजली. ह्यांनी बनियनवरच दार उघडलं. दारात पास्टर, लीलाताई आणि त्यांच्यामागे रूथ!

पास्टर बसले, घसा साफ केला. "प्रभाकरराव, मनात काही असेल तर बोला."

"नाही," हे म्हणाले.

रूथने लीलाताईंकडे पाहिलं. म्हणजे, बघितलंत ना?

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाट लागली! "अहो, तसं काही नाहीये! मी आपलं तिला बोलतं करायला..."

"झाकू नकोस गं," लीलाताई म्हणाल्या. "त्यांना बोलू दे."

रूथ खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसली. "अंकल, आंटी तुमचं ऐकतात का?"

 ह्यांनी उठून टीव्ही बंद केला. आणि सुरू झाले! नगरला बहिणीकडे जायचं किती वेळा ठरवलं, दर वेळी मी मोडलं. हॉलमधल्या दिवाणावर पाठ धरते. आणि घोरते किती, हे हिला माहीतच नाही! पास्टरांचा दुसरा चहा झाला तरी ह्यांचं चालूच.

"मग हे मला कधी सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"सांगायला लागलो की तू लगेच..."

"मी काय? मी कधी तुम्हाला..."

"हेच," हे म्हणाले.

मी रिकामे कप उचलून आत गेले. 

तर आता रूथ शनिवारी येते ती आम्हा दोघांना समोर बसवते. हे बोलत असताना मी तोंड उघडलं की नुसती माझ्याकडे बघते. नगरला जाऊन आलो आम्ही. आणि रूथही एका रविवारी भाईंदरला जाऊन वडिलांसोबत जेवून आली. म्हटलं, चला, माझ्या मेहनतीचं चीज झालं.

परवा लीलाताईंनी सगळ्या मेंटरांसमोर तिला विचारलं, "काय रूथ, तुझं आणि सुनंदाचं कसं चाललंय?"

"छान," ती म्हणाली. "आंटींमध्ये बरीच सुधारणा आहे."