काळ्या टिकल्या आणि साठ छर्रे

पनवेलच्या बाजारात मी बरीच वर्षं सुकी मासळी विकली. त्याच बाजाराच्या मागं एका इमारतीत वरच्या मजल्यावर नेमबाजीची रेंज निघाली, आणि मला पत्ता नाही! ज्या जिन्याच्या तोंडाशी बसून मी सोडे निवडले, त्याच जिन्यानं लोक बंदुका चालवायला वर जायला लागले. तोवर मी धंदा बंद करून घरी बसले होते. सून म्हणाली, "आई, महिला दिनाला तिथं फुकट शिकवणार आहेत. सोसायटीतल्या सगळ्या चालल्यात." मी गेले ती चहा-समोसा मिळेल म्हणून. खोटं कशाला बोलू?

तिथल्या सरांनी एकेकीच्या हातात एअर पिस्तूल दिलं आणि पाच-पाच छर्रे. दहा मीटरवर एक पांढरं कार्ड टांगलेलं. त्यात मधोमध काळा गोल, गोलात वर्तुळात वर्तुळं, आणि सगळ्यात आतलं वर्तुळ करंगळीच्या नखाएवढं. तिथं लागलं तर दहा गुण. आमच्या सोसायटीतल्या बायका छर्रा सुटायच्या आधीच किंचाळत होत्या. माझे पाचही काळ्यात गेले.

"आजी, आधी कुठं शिकलात?" सरांनी विचारलं.

"बोंबील कापायला."

सर हसले. मी मात्र थट्टा करत नव्हते. विळीवर हात हलला की बोट जातं. माहेरी करंज्याला आईनं मला पहिली गोष्ट शिकवली ती हात न हलवण्याची. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण हे शिक्षण पुरं झालं.

घरी सांगितलं. आमचे हे बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त होऊन टीव्हीसमोर हजर झालेले. ते म्हणाले, "काय गो, या वयात दरोडा घालायला जातेस?"

"जाते. तुमाला वाटा नाय."

झालं, आठवड्यातून तीन दिवस मी रेंजवर जायला लागले. पिस्तूल रेंजवरच राहतं, घरी आणत नाहीत. मग घरी सराव कसा करायचा? सुनेनं माझ्या फोनमध्ये अ‍ॅप भरून दिली. ती कॉम्प्युटरवाल्या कंपनीत आहे, तिच्या हाताला असल्या गोष्टी लगेच वश होतात.

एक अ‍ॅप नुसतं वेळ सांगतं. टुंग वाजलं की हात वर, आठ-दहा सेकंद धरायचा, पुन्हा टुंग वाजलं की खाली. पिस्तूल किलोभर वजनाचं आणि एकाच हातानं धरायचं असतं, म्हणून मी पाण्याची लिटरची बाटली घेऊन हॉलमध्ये कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. आमचे हे मालिका बघताबघता मान वळवून विचारायचे, "पानी देतेस का मागतेस?" दुसरं अ‍ॅप हात किती थरथरतो ते दाखवतं. फोन मनगटाला बांधायचा. मी परकराच्या नाडीनं बांधायचे. पडद्यावर एक रेघ धावते. पहिल्या दिवशी ती रेघ खवळलेल्या दर्यात होडीची डोलकाठी नाचावी तशी नाचत होती. श्वास अर्धा सोडून थांबायचं, हे सरांनी शिकवलं, तेव्हा कुठं ती ओहोटीच्या खाडीसारखी निवली. तिसऱ्या अ‍ॅपमध्ये सरावाची टिपणं ठेवायची असतात. आपण बोलायचं, ते लिहून घेतं. त्यात माझं नेमाबद्दल कमी आणि गुडघ्यांबद्दल जास्त आहे.

आणि चौथं अ‍ॅप, ज्यानं माझी फजिती केली. म्हणजे केली मीच, त्याचं नाव कशाला घेऊ? दहा छर्रे मारून झाले की कार्डाचा फोटो काढायचा. अ‍ॅप भोकं शोधून त्यांचे गुण सांगतं. चष्मा लावून वर्तुळं मोजत बसायला नको. तो निकाल तसाच सरांच्या ग्रुपवर पाठवता येतो. मी पाठवायचे. सर अंगठा दाखवायचे.

रेंजवर आणखी दोघी माझ्या वयाच्या आसपासच्या. एक निवृत्त शिक्षिका, त्यांना आम्ही बाई म्हणतो. बाईंचं सगळं आखीव. पिस्तुलाच्या पेटीवरसुद्धा कव्हर, कव्हरवर लेबल. दुसरी नेऱ्याची, शेतावरून येते, येताना पिशवीत कधी मुळा, कधी वाल. तिला मी वहिनी म्हणते. वहिनीचा आवाज खालच्या रस्त्यावर ऐकू जातो, पण पिस्तूल हातात आलं की तिच्याएवढं गप्प माणूस नाही.

एके दिवशी सर म्हणाले, "तुम्ही तिघी मिळून ज्येष्ठ महिलांचा संघ होतो. पुढच्या महिन्यात इथंच स्पर्धा आहे. तीत निवड झाली तर पुण्याची मोठी स्पर्धा." नियम असा की प्रत्येकीनं साठ छर्रे मारायचे आणि सहाशेपैकी निदान पाचशे गुण करायचे. एकीनंही कमी केले तर संघ बाद. बाई पाचशे वीस-पंचवीसच्या आसपास मारत होत्या, वहिनी थोडी मागं, पण पाचशेच्या वर. आणि माझं अ‍ॅप सांगत होतं पाचशे चाळीस!

वहिनी म्हणाली, "आता तूच आमाला वढून न्येनार." बाईंनी तर पुण्याच्या बहिणीला फोन करून आम्हा तिघींची राहायची सोय लावली. बाईंना ही स्पर्धा फार हवी होती. चाळीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या मुलांना शर्यतींना घेऊन गेल्या. शिट्टी वाजवली, नावं लिहिली, लिंबूपाणी केलं. "मी स्वतः कधी रेषेवर उभी राहिले नाही," असं त्या एकदाच म्हणाल्या, पेटीचं कव्हर घालताघालता. मी ते विसरले नाही.

स्पर्धेला तीन आठवडे राहिले तेव्हा सरांनी तिघींना कोऱ्या कार्डांवर साठच्या साठ छर्रे मारायला लावले आणि गुण स्वतः मोजले. माझे भरले चारशे एक्याऐंशी.

मी म्हटलं, पिस्तुलात काहीतरी बिघडलंय. सरांनी त्याच पिस्तुलानं दोन दहा मारून दाखवले. मी म्हटलं, मग चष्म्याचा नंबर वाढला असेल. सर म्हणाले, "आजी, तुमची सरावाची कार्डं बघू." मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी एक कार्ड उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, मग नखानं काहीतरी खरवडलं.

"हे काय आहे?"

"टिकल्या."

"टिकल्या?"

"काळ्या मखमली. छोट्या."

आता तुम्हीच सांगा, दहा भोकं पडली म्हणून अख्खं कार्ड फेकायचं का? चांगलं जाड कार्ड! आमच्याकडे जाळं फाटलं तर कोणी फेकत नाही, तेवढा भाग विणून घेतात. काळ्या गोलातल्या भोकावर मी काळी टिकली लावायचे, अगदी छर्‍याएवढीच मिळते. बाहेरच्या पांढऱ्या भागातल्या भोकावर मागून कागद चिकटवायचे. एक कार्ड मला पंधरा-पंधरा दिवस पुरायचं आणि दिसायचंही नीटनेटकं. मला तर त्याचा अभिमान वाटायचा.

पण फोनला काय कळतं? त्याला मी सांगितलेलं, दहा भोकं शोध. छर्‍याची खरी भोकं फाटकी, वाकडीतिकडी. टिकली मात्र कशी गोल, कडा स्वच्छ. त्यानं टिकल्याच मोजल्या. आणि टिकल्या कुठं होत्या? मधोमध, पंधरा दिवसांतल्या माझ्या सगळ्या चांगल्या नेमांवर. आजचे वाईट छर्रे त्याला दिसायचेच नाहीत.

सर हसतहसत खाली बसले. डोळे पुसून म्हणाले, "आजी, इतकी वर्षं शिकवतोय, हे पहिल्यांदा बघितलं." मलाही हसू आलं, पण बाहेरच्या बाकावर त्या दोघी डबा उघडून बसल्या होत्या, ते दाराच्या काचेतून दिसलं आणि हसू तिथंच राहिलं.

मीच जाऊन सांगितलं. सरांना सांगू दिलं नाही. बाईंचा घास हातात राहिला.

"म्हणजे तुमचे पाचशे चाळीस..."

"नव्हतेच कधी. चारशे ऐंशी म्हणा."

"एकदाही हातानं मोजून बघितलं नाहीत?"

"नाही."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं नाही, पुन्हा लावलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनी म्हणाली, "त्यात काय तोंड पाडून बसलीव? एकईस दिस हायत. आता टिकल्या कपालाला लाव नि नेम कार्डाला लाव." आणि बाईंच्या डब्यातली पोळी उचलून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवसापासून कोरं कार्ड, दर दहा छर्‍यांना नवीन. फोटोही काढायचे आणि बाईंनी आणून दिलेल्या वहीत हातानंही मोजायचे. बाईंनी वहीला रेघा मारून दिल्या होत्या, माझ्याशी बोलत मात्र बेताच्याच होत्या. आता अ‍ॅप खरं बोलायला लागलं, तसं एक गोष्ट त्यानंच दाखवली. माझे पहिले तीस छर्रे चांगले, चाळिसापर्यंत ठीक, आणि पुढं सगळे खाली-डावीकडे घसरत जातात. सरांनी वेळ बघितली. साठ छर्‍यांना सव्वा तास मिळतो. मी पस्तीस मिनिटांत उरकत होते!

"कसली घाई आहे, आजी?"

घाई कसली, सवय. पुढ्यात गिऱ्हाईक उभं असताना मासळीवाली मधेच विळी ठेवून बसते का? एकदा हातात घेतलं की संपवूनच उठायचं. आयुष्यभर मी असंच काम केलं. स्वयंपाक, धंदा, बाळंतपणं सुद्धा! मधे थांबायचं, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मागं खुर्ची ठेवलेली असते, मनात येईल तेव्हा पिस्तूल खाली ठेवून खुशाल बसा, कुणी काही म्हणत नाही. मी ती खुर्ची चपला ठेवायची समजत होते.

वेळेचं अ‍ॅप आता मिनिटावर लावलं. टुंग वाजल्याशिवाय पुढचा छर्रा भरायचा नाही. पहिले दोन दिवस जीव नुसता तडफडला. मग हळूहळू जमायला लागलं. पाचशे एकदा आले, दोनदा हुकले, पुन्हा आले.

आणि स्पर्धेच्या दिवशी दारातच टेबल. "फोन इथं ठेवा, रेषेवर फोन चालत नाही." मला हे माहीत होतं, सरांनी दहा वेळा सांगितलं होतं. तरी फोन ठेवताना हात रिकामा-रिकामा वाटला. आता टुंग कोण वाजवणार?

सुरुवात चांगली झाली. तीस छर्रे झाले, पस्तीस झाले. आणि नकळत हाताला जुना वेग आला. भर, मार, भर, मार. चाळिसावा गेला तो पार सहाच्या वर्तुळात. मी पिस्तूल खाली ठेवलं, मागं गेले आणि खुर्चीत बसले.

बसले म्हणजे चांगली बसले. शेजारच्या रेषेवरून वहिनीनं एका डोळ्यानं बघितलं. तिकडं बाईंनी हात खाली घेतला, त्यांना वाटलं मला चक्कर आली. मी मानेनंच सांगितलं, चालू द्या तुमचं. पाण्याचा घोट घेतला. पायाचे अंगठे हलवले. घड्याळात बघितलं तर अर्ध्याच्या वर वेळ शिल्लक! इतका वेळ जवळ असून कशाला धावत होते मी? पाच मिनिटं बसले, उठले, दहा मारले. पुन्हा बसले. मागं उभ्या एका पोरीला हसू आलेलं दिसलं. हस बाई. उरलेले दहा मी एकेक करून, दोन छर्‍यांमध्ये चांगला दम घेऊन मारले. हॉलमध्ये सगळ्यात शेवटी पिस्तूल खाली ठेवणारी मीच.

मग परीक्षक गुण मोजायला बसले. बाई पाचशे सव्वीस, वहिनी पाचशे नऊ. माझ्या कार्डांशी ते अडकले. एक छर्रा आठ आणि नऊच्या मधल्या रेघेला टेकलाय की नाही, ते कळेना. आठ धरला तर माझे चारशे नव्व्याण्णव. त्यांनी पितळेची एक छोटी सळई भोकात घातली, तिच्यावर भिंग धरलं आणि वाकून बघत राहिले. वहिनीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"टेकलाय," परीक्षक म्हणाले. "नऊ."

वहिनी अशी ओरडली की खाली भाजीवाल्यांनी वर बघितलं असणार. मी मात्र बाईंकडे बघत होते. त्या वळल्या, माझी कार्डं मागून घेतली, पर्समधून पेन काढलं आणि स्वतः बेरीज केली. पाचशे. पुन्हा केली. पाचशे. मग पेनाला टोपण लावलं आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याशी मोकळेपणानं बोलल्या.

"पुण्याला माझी बहीण जेवायला खूप वाढते," त्या म्हणाल्या. "स्पर्धेच्या आदल्या दिवशी नको म्हणायला शिका."