हिमनदीवर मागून आलेली हाक

मी भूल देणारी डॉक्टर आहे. माणसाची शुद्ध कधी हरपते आणि कधी परत येते, हे बघणं हाच माझा रोजचा धंदा. त्यामुळे "मला काहीतरी जाणवलं" असं कुणी म्हणालं की मी आधी ऑक्सिजन किती होता ते विचारते. भुतंखेतं, संकेत, दृष्टान्त... छे! या ग्रुपवर लोक टाकतात ते अनुभव वाचून मी आजवर नाकच मुरडलंय. तरी लिहितेय, कारण हे घरात कुणाशी बोलता येत नाही.

आम्ही आयर्लंडमध्ये पोर्टलीशला राहतो. नवरा अनिकेत डब्लिनला, ग्रँड कॅनाल डॉकजवळ सॉफ्टवेअरमध्ये. त्याला आणि त्याच्या ऑफिसातल्या कॉनरला डोंगरांचं वेड. दोघांनी मिळून एक्वाडोरमधल्या एका बर्फाळ ज्वालामुखीवर जायचं ठरवलं... नाव मुद्दाम देत नाही. वर सगळी हिमनदी, गाईडशिवाय पाऊल टाकायचं नाही. एका दोरावर पुढे गाईड, मागे आपण. असे यांचे दोन दोर, प्रत्येकाचा गाईड वेगळा.

तेव्हा सासूबाई कराडहून आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. आईंचा एक नियम भलताच कडक – बाहेर पडणाऱ्याला मागून हाक मारायची नाही. चुकून मारलीच, तर त्याने परत येऊन टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, मगच निघायचं. एकदा माझा डबा घरी राहिला, तर ही बाई हाक न मारता अनवाणी, पावसात गाडीपर्यंत धावत आली! मी पोट धरून हसले होते.

तर चढाईचा दिवस. आमच्याकडे भर दुपार, म्हणजे तिकडे नुकतं उजाडत असणार. मी ड्युटी संपवून चहा घेत होते. आई टेबलाशी कोथिंबीर निवडत होत्या. एकदम ताडकन उठल्या आणि दाराकडे बघून जिवाच्या आकांताने ओरडल्या, "आरं अन्या, थांब की! थांब!"

मी कप खाली ठेवला. "अहो आई, काय झालं?"

"त्यो गेला न्हवं आत्ता दारातनं? पाटीवर पिशवी हुती." मग स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला. "आगं बया... मागनं हाक मारली की गं मी!"

"आई, तो एक्वाडोरला आहे. डुलकी लागली असेल तुम्हाला."

"कोथमीर निवडताना डुलकी लागतीय व्हय?"

मी वैतागले. तरी बीपी बघितलं, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं. सगळं ठणठणीत. त्या मात्र दाराशी पाण्याचा पेला ठेवून बसून राहिल्या, जेवल्यासुद्धा नाहीत.

संध्याकाळी अनिकेतचा फोन आला. तो रडत होता. "कॉनर गेला गं..."

वर वारा सुटला होता. पुढे गाईड, दोराच्या शेवटी अनिकेत. मागे नुसता उतार, आणि थोडा खाली कॉनरचा दोर. अशात त्याला मागून स्पष्ट ऐकू आलं – "आरं अन्या, थांब की!" आईचा आवाज. उंचीवर भास होतात हे त्याला माहीत होतं. पण लहानपणापासूनची सवय! विचार करायच्या आत तो बर्फात टेकला आणि बाटली काढून पाणी प्यायला. गाईड भडकला, म्हणाला इथे थांबायचं नाही, ऊठ. तेवढ्यात कॉनरचा दोर यांना ओलांडून पुढे गेला. थोड्याच वेळात वरच्या बर्फाच्या कड्याचा तुकडा सुटला. कॉनरच्या गाईडचा पाय मोडला. कॉनर जागीच गेला.

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. माझा माणूस वाचला होता. लाज नंतर वाटली.

कॉनर आयर्लंडमधल्याच वॉटरफोर्डचा. अंत्यसंस्कारानंतर त्याच्या घरी चहा-सँडविच होतं. अनिकेत सगळ्यांना सांगत होता, बुटाचा पट्टा सैल झाला म्हणून थांबलो. कॉनरची आई नोरा आमच्या आईंपाशी येऊन बसली, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि मला म्हणाली, "यांना सांग हं, त्या दिवशी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. भर दुपारी. तो फाटकातून जाताना मला पाठमोरा दिसला. मी हाक मारली, दोनदा. एरवी नेहमी वळून बघायचा गं."



"काय म्हनत्यात त्या?" आईंनी विचारलं.

"चहा घ्या म्हणतायत," मी म्हणाले. आईंनी कप उचलला.

परतताना अनिकेतने पेट्रोल पंपावर गाडी थांबवली. आई मागे झोपल्या होत्या. तो म्हणाला, "पुढे जाताना तो माझ्याशेजारी थांबला होता. मागे वळून बघत होता. मला विचारलं, तू हाक मारलीस का रे? आणि मी... मी स्वतः आत्ताच आईला ऐकलं होतं गं! तरी म्हणालो, वारा असेल, जा तू पुढे."

त्याच्या जागी मी असते तरी हेच सांगितलं असतं, वर ऑक्सिजनवर लेक्चरही दिलं असतं.

वरच्या दोघांना भास झाला, मान्य. तिथे हवाच विरळ. पण खाली पोर्टलीशच्या स्वयंपाकघरात आणि वॉटरफोर्डच्या अंगणात हवेला काय धाड भरली होती? दोन बायका, एकमेकींची भाषासुद्धा न येणाऱ्या. मी खूप डोकं फोडलं. 

नोराचा अधूनमधून फोन येतो. इकडचं तिकडचं बोलते, आईंची चौकशी करते, आणि ठेवायच्या आधी अनिकेतला तेच विचारते – "इतक्या लांब त्याला माझी हाक ऐकू गेली नसेल, नाही का रे?"

"नाही," अनिकेत म्हणतो. मग फोन ठेवून बाथरूममध्ये जातो आणि नळ पूर्ण सोडतो, बाहेर आम्हाला त्याचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून.