कहाँसे मॅडमची हद्द

खव्याची जलेबी समोर आली की जबलपूरचा माणूस आधी ती तोंडात टाकतो. आमच्या मॅडम आधी विचारायच्या, खवा कुठला? सिहोऱ्याचा, असं कळलं की पुढचा प्रश्न, भट्टीत लाकूड होतं की कोळसा? उत्तर मिळेपर्यंत जलेबी थंड व्हायची. मग मात्र त्या दोन खायच्या. कॉलेजातल्या पोरांनी त्यांचं नाव 'कहाँसे मॅडम' पाडलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

हा नाद त्यांचा पेशाच होता. एखादी वस्तू जन्मल्यापासून भंगारात जाईपर्यंत हवापाण्याचं किती नुकसान करते, हे त्या मोजायच्या. मी त्यांची मदतनीस. कामाला बसताना आधी फळ्यावर खडूने हद्द आखायची, तिच्या आत येईल ते सगळं मोजायचं. मॅडमची हद्द फळा सोडून भिंतीवर जायची. शिपाई पुसून पुसून वैतागायचा.

मग कॉलेजने हायड्रोजनवर चालणारी छोटी बस बनवली. तिच्या धुराच्या नळीतून नुसतं पाणी ठिबकायचं. मॅडमइतका त्या बसवर कुणाचाच जीव नव्हता. येताजाता तिच्यावरून हात फिरवायच्या. पण हायड्रोजन लांबच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून बनायचा आणि डिझेलच्या ट्रकने इथे यायचा. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलमधलं प्लॅटिनम खाणीतून काढतानाचा धूरही त्यांनी धरला. बेरीज काही बरी आली नाही. छतावरच्या सौरविजेने इथेच पाण्यातून हायड्रोजन काढा, मग ही बस खरंच स्वच्छ होईल, असंही त्यांनी अहवालात लिहिलं.

कॉलेजच्या संचालकांना 'प्रदूषणमुक्त' हा एकच शब्द आणि त्याखाली मॅडमची सही हवी होती. मॅडमनी सही केली तर आमची प्रयोगशाळा कायम, नाहीतर बंद. हिशेब कॉलेजच्या फाटकापासून धरा, असं त्यांनी समजावून पाहिलं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "फाटक के बाहर भी लोग रहते हैं, सर."

सही दुसऱ्याच कुणीतरी केली. उद्घाटनाला सगळे बसमधून फिरून आले. आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून बघत होतो. त्यानंतर चहाला त्यांच्याजवळ कुणी बसेना. प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि मला पुण्यात नोकरी मिळाली. मॅडम कांचघर मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत एकट्या. त्यांची आई गेल्यापासून त्यांना मराठी बोलायला मीच तेवढी होते. त्यांना सोडून जाताना फार जड गेलं.

स्टेशनवर त्या पोचवायला आल्या. हवा, गर्दी, डब्यातलं पाणी, सगळं बोलून झालं. गाडी सुटायच्या बेताला म्हणाल्या, "सही नाही केली तर तू चालली जाशील, हे मला दिसून राहिलं होतं बेटा. बाकी सगळं मोजलं मी. हेच तेवढं हिशेबात नाही धरलं."

गाडी हलली तरी त्या दाराबरोबर चार पावलं चालत आल्या, मग थांबल्या.