वेरूळचे बारा हत्ती आणि इहलाराची दरी

"या सुट्टीत गावाला जायचं नाही," नलिनीनं जाहीर केलं आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

साल १९८५. मनामाच्या जुन्या बाजारात, कापडाच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. मी एका बँकेत हिशेबनीस, नलिनी सलमानियाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये. बहरीनमधल्या मराठी माणसाची सुट्टी ही सुट्टी नसतेच. तीस दिवसांत पाच लग्नं, एक सत्यनारायण, दाढा काढणं आणि तलाठ्याकडचे हेलपाटे बसवायचे असतात. वर अत्तराची बाटली कोणाला मिळाली नाही यावरून पुढच्या सुट्टीपर्यंत अबोला. तरी दर वर्षी आम्ही हौसेनं जायचो.

"मग कुठं जायचं?"

"तुर्कस्तानात. इहलारा म्हणून दरी आहे. कड्यात कोरलेली जुनी चर्च आहेत. आमच्या तुर्की डॉक्टरीणबाई सांगत होत्या, दिवसभर चालत बघता येतात."

शेजारचे सावंत, मूळचे कुडाळचे, कंपनीची बस चालवायचे. त्यांनी ऐकून कपाळाला हात लावला. "थंय काय आसा हो? त्यापरीस डोंबिवलीक एक फ्लॅट घेवा!"

मीही माझा हुकमी पत्ता टाकला. "कोरलेलं बघायला तुर्कस्तान कशाला? माझं गाव वेरूळपासून दोन कोसांवर!"

"लग्न झाल्यापासून वेरूळ दाखवतो म्हणताय," नलिनी म्हणाली. "तुर्कस्तान जवळ पडेल."

आता वाचकांपासून काय लपवायचं? मी वेरूळ पाहिलेलंच नव्हतं. दर महाशिवरात्रीला आमचं अख्खं गाव गाड्या जुंपून घृष्णेश्वराला जायचं. रांग, दर्शन, झाडाखाली साबुदाण्याची खिचडी, आणि अंधार पडायच्या आत परत. लेणी तिथून हाकेच्या अंतरावर. कोणी विषय काढला की वडील म्हणायचे, "लेणी काय पळून चाललीत? पुढच्या खेपेला." अशा सतरा खेपा झाल्या आणि मी नोकरीला लागलो. बहरीनमध्ये मात्र मी वेरूळचा अधिकारी माणूस होतो. मंडळाच्या गणपतीत कैलास लेण्यावर माझी दोन भाषणंही झाली होती.

नलिनीला हे ठाऊक होतं. दहा वर्षांच्या गौरीला नव्हतं, आणि घोळ तिथंच होता. शाळेनं तिला सुट्टीची वही करायला सांगितली होती. तिनं पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे इहलारा लिहिलं, उजवीकडे वेरूळ. "बाबा, हे मी बघून लिहिणार. वेरूळ यू टेल मी. यू हॅव सीन इट, नो?"

"अर्थात," मी म्हणालो.

तिकडे पासपोर्ट मालकाच्या ताब्यात असतो; ऑफिसच्या कपाटातून तो सोडवण्यात दोन आठवडे गेले. रोज उत्तर एकच, "बुकरा, इंशाल्ला." उद्या, देवाची इच्छा असेल तर. अखेर देवाची इच्छा झाली. इस्तंबूलला शंभर दिनार बदलले आणि आयुष्यात पहिल्यांदा लखपती झालो. दोन जेवणांत पुन्हा मध्यमवर्गात आलो.

तिथून अंकारामार्गे अक्सराय गाव, सगळा प्रवास बसनं. तुर्की बस आपल्या एस्टीला लाजवणाऱ्या. थोड्या वेळानं एक माणूस येऊन प्रत्येकाच्या ओंजळीत सुवासिक पाणी ओततो. मी मनोभावे ते प्यायलो आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. ते हाताला चोळायचं यूडी कोलन होतं. पुढचा तासभर माझ्या तोंडाला न्हाव्याच्या दुकानाचा वास येत होता. शेजारच्या तुर्की आजींनी आदरानं आपली जागा बदलली.

अक्सरायहून छोट्या बसनं इहलारा. जाणार असाल तर बूट चांगले घ्या. मी ऑफिसचे चकचकीत बूट घालून गेलो होतो आणि त्याची शिक्षा दरीत उतरायच्या पहिल्या पन्नास पायऱ्यांत मिळाली. वर सगळं उजाड, पिवळं पठार. बहरीनहून आलेल्याला अगदी घरच्यासारखं. आणि मग एकदम जमीन फाटते. खाली नदी, तिच्या काठानं उंच हिरवी पॉपलरची झाडं, दोन्ही बाजूंना तांबूस कडे आणि त्यांत काळी भोकं. एकेक भोक म्हणजे एकेक चर्च. गौरीनं नुसतं "आई गं!" म्हटलं. मराठीत. मला भरून आलं, पण मी म्हणालो, "ठीक आहे. आमच्या कैलासापुढे काहीच नाही."

वाटाड्या म्हणून युसूफ काका मिळाले. गावातले निवृत्त शिक्षक, मोडकं इंग्रजी, पायांत रबरी चपला, आणि चाल बकरीची. पहिल्या चर्चच्या घुमटावर निळ्या-तांबड्या रंगात देवदूत होते. हजारभर वर्षांपूर्वीचे, काका म्हणाले. गौरीनं डावीकडे लिहिलं आणि पेन्सिल माझ्याकडे रोखली. "बाबा, कैलासच्या अंगणात काय आहे?"

"हत्ती," मी म्हणालो. एवढं भाषणापुरतं वाचलेलं होतं.

"हाउ मेनी?"

"बारा. ओळीनं. लहानपणी मी त्यांच्या पाठीवर बसायचो."

तिनं ते अक्षर अन् अक्षर लिहून घेतलं. नलिनी छताकडे बघत राहिली, पण तिच्या ओठांचे कोपरे हलताना मला दिसले.

लाकडी पूल ओलांडून आम्ही सापांच्या चर्चमध्ये गेलो. तिथं भिंतीवर चार बायका आणि त्यांना डसणारे साप. काका एकेकीचा गुन्हा सांगत होते. हिनं मुलांना दूध पाजलं नाही. हिनं ऐकलं नाही, म्हणून कानाला साप. "आणि ही खोटं बोलली. म्हणून तोंडाला."

"खोटं बोलणाऱ्या बायकाच का?" नलिनीनं मराठीत विचारलं, माझ्याकडे बघत. "पुरुष बोलले तर साप रजेवर असतात वाटतं."

गौरी त्या खोटं बोललेलीकडे बराच वेळ बघत होती. मग तिनं वहीत ते चित्र काढलं, तोंडाच्या सापासकट. अगदी शेजारच्या रकान्यात माझे बारा हत्ती.

पुढची वाट नदीकाठानं. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. शाळेत ही पोर वही वाचणार, सगळ्यांना सांगणार, माझे बाबा म्हणतात म्हणजे खरंच. शेवटी एका दगडावर बसलो, बूट काढले आणि म्हणालो, "गौरी, मी वेरूळ बघितलेलं नाही."

ती हसली नाही. "एलिफंट्स?"

"माहीत नाही."

"पाठीवर बसायचात ते?"

"नाही बसलो."

तिनं वही मिटली आणि काकांचा हात धरून पुढे चालू लागली. बेलिसिर्मा गावात नदीवर लाकडी माच्यांवर बसून जेवायची सोय आहे. पातळ पोळीत चीज आणि पालक घालून तव्यावर भाजून देतात. जरूर खा, मला चव आठवत नाही. गौरी आईच्या पलीकडे बसली होती.

बहरीनला परतल्यावर सावंतांनी विचारलं, "काय बघितलात?" मी तोंड उघडणार इतक्यात गौरी म्हणाली, "काका, बाबांना विचारू नका. मी सांगते." वही शाळेत गेली आणि तिला शाबासकीही मिळाली. उजवा रकाना तिनं खोडरबरानं पुसून कोरा केला होता. खाली एक ओळ: माझे बाबा अजून गेलेले नाहीत.

पुढच्या सुट्टीत औरंगाबादच्या स्टँडवरूनच टॅक्सी केली आणि गावाआधी वेरूळ गाठलं. गावी माझ्या आईनं दोन दिवस अबोला धरला, एक लग्न बुडालं. कैलासासमोर मी नुसता उभा राहिलो. ज्याच्यावर दोन भाषणं ठोकली होती, ते इतकं मोठं असेल असं मला वाटलंच नव्हतं. मला रडू आलं. गौरी मात्र पेन्सिल घेऊन अंगणात फिरत होती.

ती वही आता माझ्याकडे आहे. तिनं काढलेल्या इहलाराच्या नदीचा निळा रंग अजून उडालेला नाही. उजव्या रकान्यात तिनं वाकड्यातिकड्या मराठीत लिहिलंय: "अंगणात मोकळे उभे हत्ती दोन. बाबा बारा म्हणाले होते. इहलाराच्या चर्चपेक्षा मोठं आहे, हे बाबा खरं बोलले."