बाबा वाघ झाले तेव्हा
छापखान्याच्या ताज्या शाईचा वास आला की अकोल्यातली ती दुपार आठवते. मी आणि माझा मित्र गोष्टींचे खेळ बनवायचो. खेळणाऱ्यानं एक पात्र व्हायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढं न्यायची. बोंडअळीनं आमचा कापूस खाल्ला तेव्हापासून बाबा कोणाशी धड बोलत नव्हते, माझ्या एकाही खेळाला बसले नव्हते. त्या दिवशी मित्र अमरावतीहून आपला नवाकोरा, छापलेला खेळ घेऊन आला. म्हणाला, “काका, तुमी सेमाडोहच्या जंगलातला वाघ व्हा.” बाबांनी चक्क फासे उचलले. “मले भूक लागून राहिली, कोन येते समोर?” असं म्हणून गुरगुरले आणि पोट धरून हसले. आई स्वयंपाकघरातून धावत बघायला आली. मी मात्र आतल्या आत जळत होतो. आज माझे खेळ त्याच्यापेक्षा जास्त खपतात. पण बाबांना हसवलं ते त्यानं, हे मला अजून पचलेलं नाही.