सुभद्रेची चार तोंडांची डबी

सुभद्रेला घरात एखादी वस्तू चालू करायची असली की ती आधी बाकीचं सगळं बंद करायची. मिक्सर लावायचा तर टीव्ही बंद. इस्त्री करायची तर पंखा बंद. आमच्या राहनाळच्या आळीत मागे लूमचे म्हणजे यंत्रमागाचे कारखाने आणि पुढे गोदामं. कारखान्यांची शिफ्ट सुरू झाली की आमच्या ट्यूबलाइटी फडफडायच्या, म्हणून तिचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण ही बाई देवापुढची लुकलुकती माळ लावायलासुद्धा फ्रिज बंद करायची. मी हसले की आपल्या बोलीत, ड चा र करत, म्हणायची, "करंट काय ढगातून परतो काय वयनी? एकाला द्यायचा त दुसऱ्याचा काढाला लागतो."

मला ती वयनी म्हणायची. नातं काही नाही, तिच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एक, एवढंच. ती वारली त्याला आता बरीच वर्षं झाली. हट्टी होती, मोठ्यानं बोलायची, आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायची नाही. तरुणपणी कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे सूत गुंडाळायला जायची. तिथल्या खडखडाटात तिचे कान अर्धे गेले होते.

तिची एकुलती एक मुलगी मंदा जन्मापासून बहिरी. बोलणंही नाही. डॉक्टर झाले, देव झाले, मग सुभद्रेने सगळं सोडून दिलं आणि पोरीला कारखान्यातल्या खुणा शिकवल्या. लूमच्या आवाजात बोलून काही उपयोग नसतो, तिथं सगळे हातांनीच सांगतात. चिमटीत धरलेला धागा तुटल्यासारखी बोटं फाकवली की धागा तुटला. दोन्ही हात मागावरच्या धोट्यासारखे इकडून तिकडे नेले की लूम चालू आहे. सुभद्रेच्या घरात ह्याच खुणा संसाराला लागल्या. भांडण झालं, तब्येत बिघडली, दूध नासलं, सगळ्याला धागा तुटला. सगळं ठीक असलं की लूम चालू. माणसांच्या खुणा त्या दोघींनी स्वतः केल्या होत्या. माझी खूण म्हणजे कपाळाला आठ्या घालायच्या. मला आवडायची नाही, पण आळीतली पोरंसुद्धा तीच करायची.

मंदा गावच्या शाळेत चार अक्षरं शिकली. पुढे नात्यातल्या कुणीतरी बडोद्याचं स्थळ आणलं. मुलगाही बहिराच, छापखान्यात कामाला, घर चांगलं. लग्न झालं आणि मंदा गेली. तिथून सुभद्रेचा जीव टांगणीला लागला. टेलिफोन केला तर मंदा काय बोलणार? बोलायची ती सासू, अर्धं गुजराती, अर्धं हिंदी. "मंदा अच्छी है, एकदम अच्छी है." सुभद्रा फोन ठेवून मला म्हणायची, "रोज अच्छी हाय, अच्छी हाय. रोज सगला अच्छा असतो काय कुनाचा?"

मंदाचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं. मी बरी आहे, काळजी करू नको.

"सासू बाजूला उभी राहून लिवून घेत असल त?" सुभद्रा म्हणाली.

"मग जा आणि बघून ये."

"नि ह्यांना कोन बघील? तू?"

मी पत्राची घडी घातली. तिच्या नवऱ्याचं एक अंग वाऱ्यानं गेलं होतं. माणूस खाटेवर, पण तोंड शाबूत. त्याला सोडून तिला एक दिवसही हलता येत नव्हतं.

मग सासूनेच फोनवर सांगितलं, आमच्याकडे कॉम्प्युटर आहे, कॅमेरा आहे, तुम्हीही घ्या, रविवारी संध्याकाळी मायलेकी समोरासमोर बोला. हे सुभद्रेला पटलं. तिच्या खुणा बडोद्यात कुणाला कळत नव्हत्या. सासू शेजारी उभी राहिली तरी मंदा खरं ते सांगू शकणार होती. "तिचा तिच्या हातानं ऐकला त मी मानीन," ती म्हणाली.

तिच्या दिराच्या गोदामात एक जुना कॉम्प्युटर धूळ खात होता. तो घरी आला. सोबत प्रिंटरही आला. त्या कॉम्प्युटरच्या पाठीला यूएसबीची चपटी भोकं दोनच, त्यातलं एक मोडलेलं. उरलेल्या एकात काय काय लावायचं? माउस लावायचा, टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आणणारा खोका लावायचा आणि कॅमेरा लावायचा. मी म्हटलं, आता काय करशील? आम्ही दोघी भिवंडीत मुनाफच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. त्याने काळी, चार तोंडांची डबी दिली. तिला हब म्हणतात. डबीची तार त्या एका भोकात घालायची आणि बाकी सगळं डबीच्या तोंडांत. मुनाफने विचारलं, "चाची, माइक भी दे दूँ?"

"माइक लेके क्या करेगी मैं? मेरी बेटी सुनती नहीं."

मुनाफने माइक परत ठेवला. मग त्याने पहिला काढलेला कॅमेराही परत ठेवला आणि आतून दुसरा आणला. "इसमें हाथ साफ दिखेगा," एवढंच म्हणाला.

घरी येऊन सुभद्रेने प्रत्येक तारेला रंगीत सूत बांधलं. कॅमेऱ्याला लाल, इंटरनेटला पिवळं, माउसला हिरवं. चौथं तोंड मोकळं राहिलं, त्यात तिने प्रिंटर लावला. मी म्हटलं, प्रिंटरचं काय काम? तर म्हणाली, "तोंड उघडा कशाला ठेवाचा? नि बंद ठेवलेली वस्तू खराब होते."

पुढे जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. माउस चालायचा. इंटरनेट लागायचं. कॅमेरा लावला की त्याचा दिवा पेटायचा आणि इंटरनेट जायचं. कॅमेरा काढला की इंटरनेट यायचं. कधी दोन्ही असायची आणि माउस मरायचा. सुभद्रा लाल सूत पिवळ्याच्या जागी आणि पिवळं हिरव्याच्या जागी लावून बघायची. एकदा सगळं चाललं, तेव्हा कुठलं सूत कुठे होतं ते आम्हा दोघींनाही आठवेना. पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा चौकोन उठायचा, त्यात इंग्रजी. माझं शिक्षण चौथी, तेही मराठी, आणि ती तर शाळेत गेलीच नव्हती. आम्ही त्या चौकोनाकडे बघायचो आणि तो आपोआप निघून जायचा.

रविवार आला. सुभद्रेने आपला नेहमीचा उपाय केला. फ्रिज बंद, टीव्ही बंद, पंखा बंद. आतून नवरा ओरडला, "मी इकरं शिजून मेलो त कॅमेऱ्यात दिसंल काय?"

"गप परा. पोर येते."

शेवटी तिने ट्यूबलाइटही बंद केली. ट्रकची धूळ नको म्हणून खिडकी आधीच लावलेली होती. अंधारात नुसता पडदा पेटलेला. आणि खरंच मंदा दिसली. चेहरा चौकोनाचौकोनांनी तुटलेला, हात म्हणजे नुसते धुराचे लोट. तिने डोळ्यांवर हात ठेवले, काढले, पुन्हा ठेवले, मान हलवली. सुभद्रा खुणा करत सुटली. तेवढ्यात चित्र तिथल्या तिथे थांबलं, मंदाचे हात डोळ्यांवर, आणि मग पडदा काळा.

मी उठून दिवा लावला.

"ती ररत होती, वयनी."

"मला तर नुसते चौकोन दिसले."

"मी आई हाय तिची. ररत होती. येत्या रविवारी नीट दिसली न्हाय त मी गारीत बसतंय नि तिला घेऊन येतंय."

मी सरळ सांगितलं, तिथे जाऊन मुलगी उठवून आणलीस तर ती परत जाणार नाही, लग्न संपलं म्हणून समज. आणि रडत नसली तर मग काय तोंड दाखवशील?

"नि ररत असली त?"

त्या आठवड्यात तिने पलीकडच्या शेजारणीला सांगून ठेवलं, नवऱ्याला दोन दिवस बघशील का. माझं घर भिंतीपलीकडे, पण तिने मला विचारलं नाही.

मीच मुनाफला बोलावून आणलं. त्याने तारांची सुतं बघितली, हसला नाही. डबी हातात घेऊन उलटी केली. डबीच्या बगलेला एक बारीक गोल भोक होतं, ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"चाची, इसका अडॅप्टर कहाँ है?"

डबीबरोबर आलेला अडॅप्टर खिळ्याला टांगलेला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जसा आणला तसा. सुभद्रा म्हणाली, कॉम्प्युटर भिंतीतून करंट घेतो, डबी कॉम्प्युटरमधून घेते, मग डबीला परत भिंतीतून कशाला? "एकाच हंड्याला दोन नळ लावाचं काय?"

"पुराना पीसी है, चाची. इतना सामान नहीं खींच सकता. हब को अपना अलग करंट चाहिए."

त्याने अडॅप्टर लावला. कॅमेऱ्याचा दिवा लागला, इंटरनेट राहिलं, माउस हलला. प्रिंटरने उगाच एक कोरा कागद बाहेर टाकला. जी बाई करंट वाचवायला घरभर अंधार करत होती तिनेच डबीचा करंट खिळ्याला टांगून ठेवला होता. हा हिशोब मला तेव्हा कळला नाही आणि आताही कळत नाही. जाताना मुनाफ म्हणाला, "और बत्ती जला के बैठना. अंधेरे में उसको क्या दिखेगा?" सुभद्रेने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

रविवारी ट्यूबलाइट लावली. पंखा मात्र तिने बंदच ठेवला, उगाच धोका नको म्हणून. मंदा दिसली, ह्या वेळी स्पष्ट. अंगानं भरली होती. तिने आधी डोळ्यांवर हात ठेवले आणि आईकडे बोट करून हसली. म्हणजे गेल्या खेपेला तिला काहीच दिसत नव्हतं, तेच ती सांगत होती. मग माझ्याकडे बघून तिने कपाळाला आठ्या घातल्या. मी मान हलवली.

सुभद्रा हसली नाही. तिने चिमटी धरली, बोटं फाकवली आणि भुवया वर केल्या. धागा तुटला का?

मंदाने नाही म्हणून मान हलवली. दोन्ही हात इकडून तिकडे नेले. लूम चालू.

सुभद्रेने पुन्हा तेच विचारलं. मंदाने पुन्हा तेच सांगितलं. मला वाटलं आता हिचं समाधान होईल, पण ती पडद्याला नाक लावून बसलेली. तेवढ्यात मंदाच्या मागून जावई आला. त्याने आम्हाला नमस्कार केला आणि मंदाला हातांनी काहीतरी म्हणाला. मंदा गर्रकन वळली. तिचे हात असे सुटले की मला कुठे बघावं कळेना. बोटं, मनगट, गाल, भुवया, सगळं एकदम. त्याने एक खूण केली, तिने पाच केल्या. तो हात झाडून निघाला, तिने त्याला दंडाला धरून वळवलं आणि पुन्हा सुरू केलं. त्यात कारखान्यातली एक खूण नव्हती. मंदाच्या सगळ्या खुणा मला ठाऊक होत्या, पण मला एकही ओळखता आली नाही.

"काय चाललंय गं?" मी विचारलं.

"मना काय म्हाईत."

जिने त्या पोरीला एकेक शब्द दिला ती समोर बसून नुसती बघत होती. मला वाटलं, आता हिला लागणार. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. थोड्या वेळाने मंदा परत आमच्याकडे वळली, अजून फणफणत, निरोपाचा हात केला आणि पडदा काळा झाला.

सुभद्रेने कॉम्प्युटर बंद केला आणि पदराने तोंड पुसलं.

"वयनी, भांरत होती ती त्याच्याशी."

"ते मलाही दिसलं. म्हणून तर विचारलं, काय चाललंय."

"येवरे शब्द मी न्हाय शिकवले तिला. मना येतच न्हाय. कोनतरी रोज तिच्यासंग बसून बोलल्याबिगर येवरं हातात येत न्हाय." ती उठली. "इकरं मंदा कंदी कुनाशी भांरली? कुनाशी भांरनार? माझ्याबिगर तिचा कलत होता कुनाला?"

तशीच ती बाहेर गेली आणि पलीकडच्या शेजारणीला ओरडून सांगितलं की नवऱ्याला बघायला यायची गरज नाही, मी कुठे जात नाही. आतून नवऱ्याने विचारलं, "दिसली काय पोर? बरी हाय?"

"बरी हाय," सुभद्रा म्हणाली. "जावयाला बोलू देत न्हाय."