पप्पा पहिल्या बाकावर

बारावीचा निकाल लागला आणि मी घरात सांगून टाकलं की मला शाळेत बाई व्हायचंय. लहान मुलांची, पहिली-दुसरीची. पप्पांचं अर्धं आयुष्य लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटात गेलंय, त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागते. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ते म्हणाले, "मोठ्या पोरांची का नाही?"

"मोठी पोरं मला आवडत नाहीत."

मम्मी साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मोठी झाल्यावर कोणाचीच आवडत नाहीत." मग तिने पप्पांकडे असं काही पाहिलं की पप्पांनी विषय तिथेच सोडला.

खरं तर माझी शाळा आधीच सुरू होती. गोडादऱ्यात, म्हणजे खानदेशातून गुजराती मुलखात आलेल्यांच्या वस्तीत, आमच्या गल्लीतल्या आया दुपारी साड्यांचं काम करायच्या आणि त्यांची पोरं आमच्या जिन्यावर येऊन बसायची. मी त्यांना पाढे शिकवायची. पाढा पाठ झाला की एक पायरी वर, असा माझा नियम. त्यातलं एक पोरगं इतकं हुशार निघालं की ते गच्चीवर पोचलं आणि खाली यायलाच तयार होईना. शेवटी त्याची आई आली आणि माझ्या शिक्षणपद्धतीबद्दल बरंच बोलून त्याला काखोटीला मारून घेऊन गेली.

आता प्रश्न असा होता की शिकायचं कुठे. बारावीनंतर पदवी आणि शिक्षकाचं शिक्षण एकदमच होईल असा कोर्स मला हवा होता. मामाचा नंदुरबारहून रोज फोन. "पोरीला इकडंच पाठवा, खानदेशातल्या विद्यापीठात. हवा चांगली आहे." हवेपलीकडे त्याचा मुद्दा कधी गेला नाही. मी विचारलं, "मामा, तिथे शिकवतात कसं?" तर म्हणाला, "खिडक्या उघड्या ठेवून."

पप्पांची पारख वेगळी. ते गेट बघतात. ज्या मिलचं गेट मोठं, तिथला कारभार चोख, हा त्यांचा अनुभव, आणि विद्यापीठाचंही तसंच असणार यावर त्यांचा ठाम विश्वास. मोबाइलवर त्यांना कामरेजच्या पुढे हायवेला लागून असलेल्या एका खासगी युनिव्हर्सिटीच्या गेटचा फोटो सापडला. नुसत्या गेटचा. तो त्यांनी गल्लीत सगळ्यांना दाखवला.

बघायला जायचं ठरलं तेव्हा फुईला बोलावणं आलंच. फुई म्हणजे पप्पांची मोठी बहीण. राहते बमरोलीला. आमच्या घरात लग्न असो, बारसं असो, फ्रिज घ्यायचा असो, फुईला बोलावतात, कारण न बोलावताही ती येतेच. पप्पा, मी आणि फुई असे तिघं निघालो. फुईने पिशवीत भाकरी, मिरचीचा ठेचा आणि खोबरेल तेलाची बाटली घेतली होती. तेल कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "मोठ्या जागी जायचंय, केस चापूनचोपून नकोत?"

गेट खरंच प्रचंड होतं. पप्पा त्याच्याखाली उभे राहून वर बघत राहिले. "अक्का, यातून दोन ट्रक एकदम जातील."

फुईला ऊन लागलं होतं, आणि ती वैतागली की थेट अहिराणीत शिरते. "आपली पोर काय ट्रक लिसन येनार शे का?"

ट्रक घेऊन यायचं माहीत नाही, पण रिक्षा मात्र आत सोडेनात. गेटपासून इमारतीपर्यंत एवढं चालावं लागलं की मधे एकदा झाडाखाली बसून आम्ही भाकरी उरकून घेतली. आत गेल्यावर एसीचा गारवा आणि कोट-टाय घातलेला एक तरुण. तो स्वतःला काउन्सेलर म्हणवत होता. त्याने हसत विचारलं, "मॅडमला काय बनायचंय?"

मी दोन्हीकडे पाहिलं. मॅडम म्हणजे मी.

"प्रायमरी टीचर."

"ग्रेट!" तो म्हणाला आणि आम्हाला स्विमिंग पूल दाखवायला घेऊन गेला. पूलमध्ये पाणी नव्हतं. मग जिम दाखवली. मग कॉफीचं दुकान. फुई प्रत्येक ठिकाणी "बरं, मग?" एवढंच म्हणत होती. शेवटी मीच विचारलं, "आम्ही मुलांना शिकवायचा सराव कुठे करणार?"

त्याने आम्हाला मागच्या इमारतीत नेलं आणि एक दार उघडलं. ही म्हणे मॉडेल क्लासरूम. लाल-पिवळ्या इवल्याशा खुर्च्या, इवलीशी टेबलं, भिंतीवर हत्ती, ससा, मोर. सगळ्या खुर्च्यांवर कारखान्यातलं प्लास्टिक तसंच होतं. फळ्यावर एक रेघसुद्धा कधी ओढलेली दिसत नव्हती.

"मुलं कधी येतात इथे?" मी विचारलं.

"मुलं व्हिडिओवर असतात," तो म्हणाला. "एकदम हाय क्वालिटी."

फुईचे पाय दुखत होते. तिने आजूबाजूला पाहिलं आणि जवळच्या लाल खुर्चीत बसली. खुर्चीला दोन्ही बाजूंनी हात होते, आणि ती ज्या वयासाठी केलेली होती ते वय फुईने फार पूर्वीच ओलांडलं होतं. बसताना काही वाटलं नाही. उठताना खुर्चीही उठली.

"भाऊ," फुई हळूच म्हणाली, "हाई माले सोडी नही ऱ्हायनी."

पप्पांनी खुर्ची धरली, मी फुईला धरलं आणि आम्ही दोघांनी दोन दिशांना ओढलं. फुईने माझ्या बाजूने येण्याऐवजी आम्हा दोघांनाही आपल्याबरोबर खिडकीपर्यंत नेलं. काउन्सेलर बिचारा घाबरला होता, पण त्याला शिकवलेलं भाषण अर्धवट सोडता येत नसावं. "आणि आमच्या इथे प्लेसमेंटसाठी वेगळा सेल आहे," असं तो म्हणत असताना फुई कमरेला लाल खुर्ची घेऊन त्याच्यासमोर वाकून उभी होती.

शेवटी खोबरेल तेल कामी आलं. खुर्ची सुटली, पण तिचं प्लास्टिक फुईच्या साडीला चिकटलं ते निघेचना. परत गेटपर्यंतच्या सगळ्या वाटेवर ती चर्रचर्र वाजत चालत होती. वॉचमनने मागे वळून पाहिलं. फुई म्हणाली, "काय बघतो? ॲडमिशन नाही घेतली."

रिक्षा परत हायवेला लागली. मग पप्पा म्हणाले, "गेट मात्र..."

"तू आते चूप बठ," फुई म्हणाली.

दुसरी जागा मला माझ्या मराठी शाळेतल्या बाईंनी सुचवली होती. सरकारी विद्यापीठाचं जुनं शिक्षण कॉलेज, शहरातच. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं तिकडे गेलो. फुई या वेळी तेलाची मोठी बाटली घेऊन आली होती. पप्पांनी गेट शोधलं, तर ते बिजागरीतून निखळून भिंतीला टेकवून ठेवलेलं आणि त्यावर कोणीतरी पोछे वाळत घातलेले. पप्पांचा चेहरा पडला. "इथे काय बघायचं?" ते म्हणाले.

आत गेलो तर वऱ्हांड्यात एक धिप्पाड मॅडम कोणाला तरी फोनवर झापत होत्या. त्यांच्या शेजारी एक सडपातळ तरुण हातात पुठ्ठ्याचा सूर्य घेऊन रडवेला उभा होता. झालं असं होतं की त्याचा परीक्षेचा पाठ होता, आणि शेजारच्या शाळेतली जी मुलं वर्गात यायची होती, त्यांना सकाळीच स्वच्छतेच्या रॅलीला नेलं होतं. परीक्षक आलेले, सूर्य तयार, आणि वर्गात एकही मूल नाही.

मॅडमनी फोन ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"कॉलेज बघायला आलोय," मी म्हटलं.

"मग आतून बघा. चला, बसा." त्यांनी शिपायाला बोलावलं, माळ्याला बोलावलं, ऑफिसातल्या एका क्लार्कलाही उठवलं. "आज तुम्ही तिसरीची मुलं."

पप्पा चौथीत शाळा सोडलेले. त्यानंतर ते वर्गात बसले नव्हते. मला वाटलं, संकोचतील, मागे कुठेतरी कोपऱ्यात बसतील. ते सरळ पहिल्या बाकावर जाऊन बसले आणि हाताची घडी घातली.

पाठ गुजरातीत होता, विषय सजीव आणि निर्जीव. तरुणाने सूर्य फळ्याला लावला, तो पडला, पुन्हा लावला, पुन्हा पडला. तेवढ्यात मागून फुईचा आवाज आला. "सर, हा माळी मला ढकलतोय!"

"माझी जागा आहे ती," माळी म्हणाला.

"नाव लिहिलंय का तुझं?"

तरुण क्षणभर गोंधळला. मग त्याने सूर्य टेबलावर ठेवला, फुईजवळ गेला आणि म्हणाला, "तुम्ही या वर्गाच्या मॉनिटर." फुई ताठ झाली. त्यानंतर तिने माळ्याला हलू दिलं नाही, शिपायाला खोकू दिलं नाही, आणि परीक्षक शेजारी काहीतरी कुजबुजले तर त्यांच्याकडेही बोट रोखलं.

पाठ पुढे सुरू झाला. झाड? सजीव. दगड? निर्जीव. गाय? सजीव. मग तरुणाने विचारलं, "आणि लूम?"

पप्पांनी हात वर केला. मी त्यांना हात वर करताना प्रथमच पाहत होते. "सजीव," ते म्हणाले.

"कसं काय, काका?"

"सूत खातो. ओरडतो. उन्हाळ्यात तापतो, दमट हवेत आजारी पडतो. मध्येच रुसून बसतो."

शिपायाने मान डोलावली. तरुण विचारात पडला. परीक्षक पेन थांबवून बघत होते. मग तो पप्पांच्या बाकाशी गुडघे टेकून बसला, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला, आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "पण काका, सजीवाला पिल्लं होतात. लूमला होतात का?"

पप्पांनीही गंभीरपणे विचार केला. "माझ्या शेठकडे आधी चार होते," ते म्हणाले. "आता पूर्ण मजला भरलाय."

क्लार्क बाकावर आडवा झाला. मॅडमनी पदर तोंडाला लावला. फुई "शांत! शांत!" म्हणून ओरडत स्वतःच हसत होती. त्या तरुणालाही हसू फुटलं, पण तो पप्पांना हसला नाही, त्यांच्याबरोबर हसला. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "मग ते कुठून आले, हे शेठला विचारायचं आणि उद्या मला सांगायचं. हा तुमचा गृहपाठ."

मला तेव्हाच कळलं की मला इथेच शिकायचंय. आत येताना तो रडवेला होता, सूर्यही त्याच्या हातून दोनदा पडला होता, पण पन्नाशीच्या माणसाने चुकीचं उत्तर दिल्यावर काय करायचं हे कोणीतरी त्याला नीट शिकवलेलं होतं. मलाही ते शिकायचं होतं.

घरी आल्यावर मम्मीने चौकशी केली. "कसं आहे कॉलेज? गेट?"

"पडलंय," पप्पा म्हणाले.

"स्विमिंग पूल?"

"बादलीसुद्धा फुटकी आहे."

"मग बघितलं काय एवढा वेळ?"

"मला गृहपाठ आहे," पप्पा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला तेव्हा फुई आमच्याकडेच होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला. मामा हवेबद्दल काही सांगू लागला असावा. फुई म्हणाली, "त्या कॉलेजात मी मॉनिटर आहे. पोरीवर लक्ष ठेवायला घरचं माणूस नको?" एवढं बोलून तिने फोन ठेवून दिला. माझी ॲडमिशन अशी ठरली.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात माझा पहिला पाठ झाला, बमरोलीच्या एका शाळेत, पहिलीच्या वर्गावर. मुलं माझ्या गल्लीतल्यासारखीच, घरी अहिराणी, शाळेत गुजराती, भांडताना हिंदी. मी पिंपळाची, कडुनिंबाची, आंब्याची पानं घेऊन गेले होते. सगळं पाठ केलं होतं, कुठे उभं राहायचं, कधी बाकांमधून फिरायचं, कधी फळ्याकडे जायचं. सुरुवातीलाच एक बारकी मुलगी उठून माझ्याजवळ आली. कडुनिंबाचं पान तिने चावून पाहिलं, तोंड वाकडं केलं, माझ्या पायाशी बसली आणि माझ्या गुडघ्याला टेकून झोपी गेली.

मी हललेच नाही. पाठ संपेपर्यंत एकाच जागी उभी राहिले. फळ्यावर लिहायला एका मुलाला पाठवलं, पानं वाटायला दुसरीला, आणि लांबच्या बाकांवरच्या मुलांना मोठ्याने हाका मारत राहिले. घंटा झाली तरी ती उठली नाही. परीक्षक मॅडम जवळ आल्या, तिच्याकडे वाकून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "शिक्षिकेने वर्गात फिरायला हवं."

"हो मॅडम," मी त्याहून हळू म्हटलं. माझ्या पायाला केव्हाच्या मुंग्या आल्या होत्या.